घडीवर रंगाचे पोपडे का निघतात?

प्रश्न : अप्पा, शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी आम्ही मांजरपाटावर पाटणादेवीचं मंदिर रंगवलं होतं. अस्तराला, म्हणजे रंगाखालच्या पहिल्या थराला, पांढरा गोंद आणि खडूची पूड, वर ऑइल पेंट. वर्षभर घडी घालून कपाटात ठेवला. यंदा उघडला तर प्रत्येक घडीवर पोपडे. नवा पडदा कसा रंगवू? – एक शिक्षिका, चाळीसगाव

उत्तर : ताई, तो पडदा वाचणार नाही. मनाला लावून घेऊ नका. माझा पहिला तमाशाचा पडदाही असाच गेला. भुसावळला भर मे महिन्यात उलगडला, तर राजवाड्याचे खांब पापुद्र्यांनी माझ्या पायांवर पडले. उस्ताद एवढंच म्हणाले, "कपडाले रंग पिऊ दे."

गोंद-खडूचं अस्तर म्हणजे कापडावर दिलेला गिलावा. कापड वाकतं, गिलावा वाकत नाही. ऑइल पेंट वर्षागणिक आणखी कडक होतो, आणि त्यातलं तेल सुताला लागलं की सूतही कुजतं.

नवा मांजरपाट आधी साबणाच्या गरम पाण्यात दोनदा धुवा, खळ पूर्ण जाऊ द्या. वाळल्यावर पाण्याचा एक थेंब टाका. तो मोत्यासारखा वरच थांबला, तर खळ अजून आहे, परत धुवा. मग बाजेला सुतळीनं ताणून बांधा.

अस्तर सगळीकडे नकोच. कळसाला, आभाळाला, जिथे फिका रंग येणार तिथेच पांढऱ्या अॅक्रिलिकचा एक पातळ हात द्या. रंग असा कालवा: अॅक्रिलिक दोन वाट्या, फॅब्रिक मीडियम (कापडावर रंग मऊ राहावा म्हणून अॅक्रिलिकमध्ये मिसळायचं द्रव) एक वाटी. घट्ट वाटलं तर पाणी ओतू नका, मीडियमच वाढवा. पाण्यानं रंगाची पकड सुटते. ब्रशनं रंग सुतात चोळा. विणीचे धागे दिसत राहिले पाहिजेत. ते बुजले की रंग जास्त झाला. दाट रंग हवा असेल तर वाळवून दुसरा पातळ हात द्या. आपल्याकडच्या उन्हात ब्रशवरच रंग सुकतो, म्हणून सकाळी लवकर बसा.

एक दिवस वाळू द्या. मग उलट्या बाजूनं, वाफ न देता, प्रत्येक भागावर 3 ते 5 मिनिटं इस्त्री फिरवा.

आणि घडी घालायचीच नाही. शेतातला चार इंची पाइप घ्या, रंगाची बाजू बाहेर ठेवून पडदा त्यावर गुंडाळा.

त्याआधी वीतभर चिंधीवर हे सगळं करून बघा. मुठीत चुरगळून कानाशी धरा. करकर ऐकू आली, तर मीडियम वाढवा.