ओढणाऱ्या कुत्र्यासाठी लीश कोणती घ्यावी?

प्रश्न : आमच्याकडे अडीच वर्षांचा, ३४ किलो वजनाचा लॅब्रेडॉर आहे. मुलगा नोकरीसाठी बाहेरगावी गेल्यापासून त्याला सकाळी फिरवून आणण्याचे काम माझ्याकडे आले आहे. माझे वय ६७ आहे. नायलॉनची लीश त्याने दोनदा चावून तोडली, म्हणून सध्या आम्ही लोखंडी साखळी वापरतो. समोर मांजर किंवा दुसरे कुत्रे दिसले की तो असा हिसका देतो, की साखळी हातातून सरकते आणि तळवा सोलवटून निघतो. दुकानदार म्हणतात, आणखी जाड साखळी घ्या आणि गळ्याला आवळणारी चोक-चेन घाला. हे योग्य आहे का?
— एक वाचक भगिनी, नाशिक

उत्तर : दुकानदारांचा सल्ला तूर्त बाजूला ठेवावा. साखळी आजवर तुटलेली नाही, ती हातातून सटकते आहे. आणि जाड साखळी मुठीत धरायला अधिकच कठीण जाते. शिवाय तिचे वजन सतत गळ्यावर लोंबत राहते आणि उन्हाळ्यात ती तापते. तिचा एकच खरा गुण म्हणजे ती चावून तुटत नाही, आणि चावण्यावर दुसरे उपाय आहेत, ते पुढे सांगतो. चोक-चेनला माझा स्पष्ट विरोध आहे. जोर करून ओढणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत तिचा सगळा दाब श्वासनलिकेवर आणि मानेवर येतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पशुवैद्यकीय अभ्यासात, गळपट्ट्याला ताण दिला असता कुत्र्यांच्या डोळ्यांतील दाब वाढलेला आढळला होता. हार्नेसला, म्हणजे छाती-पाठीभोवती बसणाऱ्या पट्ट्यांच्या साजाला, ताण दिला असता तो तसा वाढला नाही. त्यामुळे लीशच्या आधी ती अडकवायची कुठे, हे ठरवले पाहिजे.

लॅब्रेडॉर ओढतो यात त्याचा आगाऊपणा फारसा नसतो. न्यूफाउंडलंडच्या गोठवणाऱ्या पाण्यातून मासेमारीच्या जाळ्यांचे दोर किनाऱ्याला आणून देणाऱ्या कुत्र्यांचा तो वंशज आहे, आणि ओढले की हव्या त्या ठिकाणी पोहोचता येते हे त्याला रोज अनुभवाने पटते. पाठीवर कडी असलेला साधा हार्नेस अशा कुत्र्याला ओढायला उलट सोयीचाच होतो, कारण जोर सगळ्या छातीवर पसरतो आणि त्याला काहीच टोचत नाही. म्हणून छातीवरही कडी असलेला हार्नेस घ्यावा. लीश छातीच्या कडीला असली की पुढे झेप घेताना कुत्र्याचे अंग आपोआप तुमच्या बाजूला वळते आणि त्याचा जोर अर्धा तिथेच वाया जातो. घेताना एवढे पाहावे, की हार्नेसच्या पट्ट्या छातीवर इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारख्या बसतात आणि खांदे मोकळे राहतात. खांद्यांवरून आडवी पट्टी जाणारे हार्नेस बाजारात पुष्कळ मिळतात, परंतु त्यांत पुढचे पाय मोकळे पडत नाहीत.

आता लीशची लांबी. तुमच्यासाठी ती ५ ते ६ फूट असावी, त्याहून अधिक नको. यामागचे कारण साध्या हिशेबाने कळेल. ३४ किलोचा कुत्रा ताशी १८ किलोमीटर वेगाने धावत सुटला आणि लीश संपल्यावर अर्ध्या मीटरच्या आत थांबला, तर त्या क्षणी हातावर सरासरी ८५ किलोच्या आसपास भार येतो. हा वेग त्याच्या दृष्टीने काहीच नाही, पण तो घ्यायला अंतर लागते. लीश आखूड असेल तर वेग धरण्याआधीच तो थांबतो. १५ फुटांच्या दोरीला लावलेला तोच कुत्रा तुम्हाला जमिनीवर पाडू शकतो. हे उगाच घाबरवण्यासाठी लिहीत नाही. अमेरिकेतील ६५ वर्षे व त्यापुढील व्यक्तींच्या बाबतीत, लीशने बांधलेला कुत्रा फिरवताना झालेल्या अस्थिभंगांचा अंदाजित आकडा २००४ साली १,६७१ होता, तो २०१७ साली ४,३९६ वर गेला, असे २०१९ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यांत सुमारे ७९ टक्के स्त्रिया होत्या, आणि सर्वाधिक वेळा मोडलेला एकच भाग पाहायचा तर तो खुब्याचा होता.

याच कारणासाठी लीशची मूठ मनगटात अडकवू नये आणि लीश हाताला गुंडाळून तर कधीच घेऊ नये. मुठीच्या फासात फक्त अंगठा घालावा, उरलेली पट्टी तळव्यावर एक घडी करून बोटांनी धरावी आणि दुसरा हात त्याखाली, पोटाजवळ ठेवावा. अशी पकड घट्ट राहते, आणि प्रसंग आलाच तर एका क्षणात सोडताही येते. कुत्रा सुटून पळाला तर त्याला परत आणता येते. खुबा मोडला तर सहा महिने घरात बसावे लागते.

कशाची घ्यावी, याबद्दल माझे मत चामड्याच्या बाजूचे आहे. साधारण २० मिलिमीटर रुंदीची, मऊ झालेली चामड्याची पट्टी हातात रुतत नाही, सरकली तरी कातडी सोलत नाही, आणि कुत्र्याच्या मानेची बारीक हालचालही हाताला कळते. तो झेप घेणार हे आधी कळणे, यातच निम्मे काम असते. नाशिकच्या पावसाळ्यात मात्र तिची निगा राखावी लागते. भिजली तर पुसून सावलीत वाळवावी, उन्हात टाकू नये, आणि अधूनमधून एरंडेल तेलाचा हलका हात फिरवावा; नाही तर बुरशी धरते किंवा पट्टी कडक होऊन तडकते. एवढे करणे जमणार नसेल तर पॉलिस्टरच्या पट्टीवर प्लास्टिकचे आवरण असलेली, ‘बायोथेन’ या नावाने ओळखली जाणारी लीश चांगली. ती धुतली, पुसली की झाले. स्वस्त नायलॉन हिसक्यासरशी तळव्याला चटका देते. नायलॉनच घ्यायचे असेल तर मुठीला आतून अस्तर असलेले घ्यावे.

पट्टीपेक्षा जास्त वेळ हुकावर घालवावा. २५ मिलिमीटरची चांगली नायलॉन पट्टी तुटायला कित्येक कुत्र्यांचा जोर लागेल. दगा देतो तो हूक, किंवा हुकाजवळची शिवण. बाजारातील पुष्कळसे चकचकीत हूक जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असतात आणि त्यांवर मुलामा चढवलेला असतो. ते वाकत नाहीत, सरळ मोडतात, आणि मोडेपर्यंत काहीच कळत नाही. पितळी हूक असेल तर नखाएवढ्या जागेत खरवडल्यावर आतूनही पिवळाच दिसतो. जस्ताचा असेल तर मुलाम्याखाली राखाडी धातू दिसतो. दुकानदार खरवडू देणार नाहीत, हे उघड आहे, तेव्हा पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचा असे लिहून दिलेलाच हूक घ्यावा. त्याची फिरकी मोकळी फिरते का आणि स्प्रिंग दाबून सोडल्यावर जीभ पूर्ण मिटते का, हे पाच-सहा वेळा करून पाहावे. शिवण एका सरळ ओळीची नसावी. चौकोन आणि त्यात फुली अशी असावी.

शक्य असल्यास दोन्ही टोकांना हूक असलेली लीश घ्यावी. एक हूक छातीच्या कडीला, दुसरा पाठीच्या कडीला लावला की एक निसटला तरी दुसरा राहतो, आणि पट्टीचा मधला भाग धरून कुत्र्याला दोन्ही बाजूंनी हलकेच वळवता येते. पहिले काही दिवस हातांचा गोंधळ उडतो, पण तुमच्या परिस्थितीत हाच पर्याय मला सर्वांत सुरक्षित वाटतो. अशी लीश साधारण २ मीटरची मिळते. दोन्ही टोके अडकवल्यावर हाताशी उरते ती निम्मीच, त्यामुळे वर सांगितलेली मर्यादा मोडत नाही.

चावण्याबद्दल. लॅब्रेडॉर बहुधा निघण्याच्या उत्साहात लीश तोंडात धरतो, किंवा बांधून ठेवला असता कंटाळ्याने कुरतडतो. निघताना तोंडात बॉल किंवा जाड कापडाची गाठ द्यावी; काहीतरी वाहून नेणे त्याला मनापासून आवडते. फिरण्याची लीश बांधून ठेवण्यासाठी वापरू नये आणि घरी आल्यावर उंच खुंटीला टांगावी. बांधण्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो : अवाजवी आखूड किंवा जड साखळीने जनावराला अवाजवी वेळ बांधून ठेवणे आणि नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे न फिरवणे, या दोन्ही गोष्टी १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहेत.

यानंतर एकच शिस्त ठेवावी. लीश ताणली की उभे राहावे, सैल झाली की चालावे, आणि तो गुडघ्याजवळ असताना खाऊ द्यावा. पहिला आठवडा तुम्ही कोपऱ्यापर्यंतही पोहोचणार नाही. त्या काळात मुलगा सुट्टीवर घरी असेल तर दोघांनी मिळून हे करावे, म्हणजे जोराच्या वेळी दुसरा हात मिळेल. आणि घरात प्रत्येकाने हाच नियम पाळावा, कारण एकाने ओढू दिले की बाकीच्यांची मेहनत फुकट जाते.

प्रश्न : माझी कारवानी कुत्री दीड वर्षाची आहे. ससा किंवा शेळी दिसली की ती मागे सरून मान झटकते आणि गळपट्ट्यातून सहज बाहेर पडते. पट्टा आवळला तर तिला खोकला येतो. लीश बदलावी का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुमची लीश बहुधा ठीक असेल, बदलायचा आहे तो पट्टा. कारवानी, मुधोळ, रामपूर यांसारख्या नजरेने शिकार करणाऱ्या कुत्र्यांचे डोके अरुंद आणि मान लांब, जवळपास डोक्याएवढीच जाड असते, म्हणून साधा पट्टा कितीही नीट बसवला तरी तो कानांवरून निघतो. यांच्यासाठी ‘मार्टिंगेल’ नावाचा पट्टा असतो. त्यात मोठ्या पट्टीच्या दोन टोकांना कड्या असतात आणि त्यांतून एक छोटा फास जातो. लीश ताणली की पट्टा थोडा आवळतो, पण ठरावीक मर्यादेपलीकडे जात नाही. पट्टा ४ ते ५ सेंटिमीटर रुंद, आतून मऊ असावा आणि कानांच्या लगेच मागे, मानेच्या वरच्या भागात बसावा. पूर्ण ताणल्यावर त्या दोन कड्यांमध्ये दोन बोटांचे अंतर उरले पाहिजे. कड्या एकमेकींना टेकत असतील तर पट्टा सैल आहे आणि तो निघेल. घरात किंवा खुराड्यात हा पट्टा काढून ठेवावा, कारण त्याचा फास कशातही अडकू शकतो.

या जातीची ताकद लॅब्रेडॉरच्या ताकदीहून वेगळी आहे. ती सतत ओढत नाही. उभ्या जागेवरून दोन-तीन ढांगांत पूर्ण वेग घेते. म्हणून जाड, जड लीशची गरज नाही; हलकी, ६ फुटांची, १५ ते २० मिलिमीटर रुंदीची पुरेशी आहे. परंतु लांब दोरी गळपट्ट्याला कधीही लावू नये, कारण ३० फुटांच्या शेवटी त्या वेगाने येणारा हिसका सडपातळ मानेला सोसणारा नसतो. शेतात मोकळे फिरवायचे असल्यास लांब दोरी हार्नेसच्या पाठीच्या कडीलाच लावावी. कारवानीसाठी हार्नेस घेताना पोटाकडे तिसरी पट्टी असलेला घ्यावा. तिची छाती खोल आणि कंबर एकदम बारीक असते, त्यामुळे दोन पट्ट्यांच्या हार्नेसमधूनही ती मागे सरून निसटते. तिसरी पट्टी बरगड्यांच्या मागे, कमरेच्या अरुंद भागावर बसते आणि छाती त्यातून बाहेर येत नाही.

प्रश्न : भाच्याने अमेरिकेहून बटण दाबले की आपोआप गुंडाळली जाणारी ५ मीटरची लीश आणली आहे. आमचा डॉबरमन फार चपळ आहे. ही वापरावी का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : भाच्याला वाईट वाटणार नसेल तर ती ठेवून द्यावी. डॉबरमनसारख्या कुत्र्यासाठी आणि ठाण्याच्या रस्त्यांसाठी ती बनलेलीच नाही. तिची बारीक दोरी वेगाने सुटत असताना बोटांत किंवा पोटरीभोवती आली तर भाजल्यासारखी जखम होते, आणि बोट तुटल्याच्याही घटना घडलेल्या आहेत. दुसरे असे, की तिची स्प्रिंग सतत हलका ताण ठेवते. म्हणजे ताण असतानाच पुढे जायचे, हेच कुत्रा रोज शिकतो. तिसरी गोष्ट हातात घेऊनच कळते : तिची प्लास्टिकची मूठ हातातून सुटली की दोरी आत गुंडाळली जाते आणि ती मूठ खडखडत कुत्र्याच्या मागे धावत येते. घाबरलेला कुत्रा तिच्यापासून पळत सुटतो, ती त्याच्यामागे येतच राहते, आणि रस्त्यावर रहदारी असते.

तुमच्या डॉबरमनसाठी ५ फुटांची, २५ मिलिमीटर रुंदीची, हुकापासून हातभर अंतरावर दुसरी मूठ असलेली लीश घ्यावी. लिफ्टमध्ये, जिन्यात किंवा रस्ता ओलांडताना ती खालची मूठ धरली की कुत्रा मांडीला लागून राहतो. भाच्याने आणलेली लीश मोकळ्या मैदानावर वापरून पाहायचीच असेल, तर ती हार्नेसला लावावी, आधी बटणाचा ब्रेक घट्ट बसतो का हे हाताने जोरात ओढून तपासावे, आणि त्या वेळी पायांत लांब पँट असावी.