नवोदयची जागा कोणाची?

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. आपण दोघेही शिक्षक, घर तालुक्याच्या ठिकाणी आणि मुलगी नगरपालिका हद्दीतील शाळेत चौथीत. तिला जवाहर नवोदय विद्यालयाच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेच्या, सहावीच्या निवड परीक्षेला बसवण्यावरून पालकांत वाद झाला. पगारदारांनी गरिबांच्या लेकरांच्या जागेवर डोळा ठेवू नये, असे काहींचे म्हणणे. तर तिचे नाव आजोळच्या जिल्हा परिषद शाळेत घाला म्हणजे ग्रामीणमधून लागेल, असा इतरांचा सल्ला.

हा दुसरा सल्ला मुळीच ऐकू नका. किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात, आणि त्यासाठी तिसरी, चौथी व पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण भागातील शाळेतच झालेली असावी लागतात; त्या काळातला एक दिवसही शहरी शाळेत गेला असेल तर उमेदवार शहरी धरला जातो. आपल्या मुलीची तिसरी शहरात झाली आहे. खोटा दाखला जोडलात, तर पडताळणीत प्रवेश रद्द होईल आणि त्याची झळ दहा-अकरा वर्षांच्या मुलीला बसेल. शिवाय सहावीच्या वर्गात जास्तीत जास्त 80 मुले घेतात. त्यातली एक ग्रामीण जागा अशी गेली, तर ती गावातल्याच एखाद्या मुलाची जाते.

पहिला आक्षेप नियमाला धरून नाही. 1985-86 मध्ये हरियाणातील झज्जर आणि आपल्या अमरावती येथे पहिली विद्यालये निघाली, तेव्हापासून हेतू हाच आहे की प्रामुख्याने ग्रामीण भागातील हुशार मुलांना, घरची ऐपत न पाहता, उत्तम शिक्षण मिळावे. उत्पन्नाची अट नाही. तेव्हा अर्ज जरूर भरा, मात्र शहरी म्हणूनच भरा.

तरीही त्या पालकांची चिडचिड मला समजते. दोन तासांत 80 प्रश्न, निम्मे गुण मानसिक क्षमता चाचणीला, म्हणजे आकृत्यांवरून तर्क करण्याच्या प्रश्नांना. ज्याने असे प्रश्न आधी पाहिलेलेच नाहीत, तो मागे पडतो. एका खेड्यातल्या सराव चाचणीत मी एका मुलाच्या बाकाशी उभा होतो. कच्च्या कागदावर त्याची गणिते बिनचूक होती. पण उत्तरपत्रिकेतली वर्तुळे पेनने भरायची त्याची ती पहिलीच वेळ, आणि वेळ संपली तेव्हा बरीचशी कोरीच राहिली होती. तो मुलगा कमी हुशार नव्हता. त्याला कोणी दाखवले नव्हते, इतकेच.

मुलीलाही विचारा. सहावीपासून वसतिगृहात राहायचे आहे, आणि नववीत काही मुलांना वर्षभरासाठी दुसऱ्या भाषिक प्रदेशातील नवोदयमध्ये पाठवतात. तिचे मन तयार नसेल, तर केवळ शाळेच्या नावासाठी तिला पाठवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपण दोघे शिक्षक आहात म्हणून एक विनंती. मुलीसाठी सरावाच्या उत्तरपत्रिकांच्या प्रती काढाल, तेव्हा आजोळच्या शाळेतल्या पाचवीच्या पटाइतक्या जास्त काढा, आणि मुख्याध्यापकांच्या परवानगीने दोन-तीन शनिवारी तिथल्या मुलांनाही तिच्यासोबत सोडवायला बसवा.