शेतातले कोंगे, म्हणजे पाण्यातल्या गोगलगायी, भाताची रोपं खातात का? मारायला काय घालावं?

मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, घालू नका. आमच्या घरात, गोव्यात डिचोलीला, या एका गोष्टीवरून वीस वर्षं वाद चालू आहे.

सरदीची, म्हणजे पावसाळी भाताची, लावणी होऊन चार दिवस झाले होते. रोपं बुडातून कापून पाण्यावर तरंगत होती. धाकट्या काकांनी कोंग्यांवर आळ घेतला आणि शेतात मोरचूद घातलं. शेताचं पाणी खालच्या तळीत उतरतं. दुसऱ्या दिवशी तळीतले बारके मासे पोट वर करून पडले. कोंगे तर मेलेच, रोपं मात्र पुढेही कापली जात राहिली. बांध खणला तेव्हा कुर्ल्यांची बिळं सापडली. बुडातून रोप कापतात त्या कुर्ल्या, काका!

कोंगा म्हणजे पिला वंशातली गोगलगाय. मे महिन्यात कुदळीला एक लागला होता, झाकण गच्च मिटलेलं, दगडासारखा. बादलीत पाण्यात ठेवला. दिवेलागणीला झाकण किलकिलं झालं, पाय बाहेर आला, मग एक नळी लांबत लांबत पाण्याच्या वर आली. त्या नळीतून तो हवा घेतो. त्याला कल्लेही असतात आणि फुप्फुसही, म्हणून तर गढूळ, कोंदट पाण्यात जगतो आणि उन्हाळाभर चिखलात झाकण लावून पडून राहतो. त्याचं मुख्य खाणं शेवाळ आणि मऊ पाणवनस्पती. करमळीच्या तळ्यावर मुग्धबलाक येतो ना, फटीच्या चोचीचा करकोचा, त्याचं पोट या कोंग्यांवरच भरतं.

भाताचा खरा वैरी वेगळा आहे. दक्षिण अमेरिकेतली सोनेरी गोगलगाय १९८० च्या सुमारास खाण्यासाठी म्हणून तैवानात आणली, पुढे फिलिपिन्समध्येही गेली आणि तिथली भातशेती तिने खाल्ली. ती पाण्याच्या वर काड्यांना गुलाबी अंडी चिकटवते. आपला कोंगा बांधाच्या ओल्या मातीत पांढरी अंडी घालतो. गुलाबी अंडी दिसली तर लगेच कृषी खात्याला कळवा.

कोवळं रोप कोंगा अजिबात खात नाही असं मात्र मी म्हणत नाही. पहिले दोन आठवडे शेतात पाणी बेताचं ठेवा, रात्री बॅटरी घेऊन वेचा. वेचलेले खाणार असाल तर नीट उकडा, अर्धेकच्चे खाल्ले तर जंत मेंदूपर्यंत जाऊ शकतात.

काका अजून म्हणतात, कोंगेच होते.