विचारा की! : गॅरंटी आधी, टॅक्स नंतर?

प्रश्न : नमस्कार सर, मी खानापूर तालुक्यातला, टेम्पो आहे माझा, बेळगावला भाडं मारतो. बायकोला सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला 2 हजार मिळतात, आई फुकट बसनं बाजारला जाते, नाही म्हणत नाही. पण डिझेल वाढलं, तिकीट वाढलं. मतं मागताना टॅक्स वाढवणार हे कुणीच का सांगत नाही? सगळे खोटंच बोलतात असं समजू का?

उत्तर : भाऊ, खोटं म्हणणार नाही मी, अर्धंच बोलतात म्हणेन. 2023 च्या कर्नाटक विधानसभेला काँग्रेसचं गॅरंटी कार्ड घरोघरी आलं, त्यावर पाच गॅरंट्या, म्हणजे आश्वासनं होती (तुमच्या घरातले 2 हजार आणि फुकट बस त्यातलीच), पैसा कुठून काढणार ते काही नव्हतं. मे मध्ये सरकार आलं आणि जुलैच्या बजेटमध्ये दारूवरची ड्युटी 20 टक्के वाढली (त्यावर कोण ओरडणार, घरात सांगायचीपण सोय नाही). लोकसभेचा निकाल 4 जून 2024 ला लागला आणि 15 जूनला पेट्रोलवरचा विक्रीकर 25.92 वरून 29.84 टक्के, डिझेलवरचा 14.34 वरून 18.44. आपल्याकडचं मतदान 7 मे ला झालेलं, म्हणजे बघा किती दिवस गेले मधे. जानेवारी 2025 ला बसभाडं 15 टक्के वाढलं, म्हणजे ताई फुकट आणि शेजारी बसलेले दाजी जास्त देऊन. एप्रिलमध्ये डिझेलवरचा टॅक्स परत वाढून 21.17 टक्के.

आता भाजपवाले टाळ्या वाजवायच्या आधी हे पण ऐका. नोव्हेंबर 2021 ला केंद्रानं पेट्रोल 5 आणि डिझेल 10 रुपयांनी कमी केलं ते पोटनिवडणुकांच्या निकालानंतर लगेच, आणि मग उत्तर प्रदेशची निवडणूक संपेपर्यंत पंपावरचा भाव हललाच नाही, 10 मार्च 2022 ला निकाल आणि 22 मार्चपासून वाढ सुरू. पलीकडं महाराष्ट्रात लाडक्या बहिणीला 2100 देतो म्हणून मतं घेतली आणि जून 2025 ला तिथंपण विदेशी दारूवरची ड्युटी वाढवलीच की ओ.

का हेच वाढतं? जीएसटी एकट्या राज्याच्या हातात नाही, दर केंद्र आणि राज्यांच्या जीएसटी कौन्सिलमध्ये ठरतात. राज्याच्या हातात मोठं म्हणजे पेट्रोल-डिझेल, दारू, मुद्रांक शुल्क आणि गाडीचा टॅक्स. त्यामुळं उद्या कुठलीपण पार्टी महिन्याला अमुक देतो म्हणाली की नवा पैसा या चारातूनच येणार, नाहीतर कर्जातून, नाहीतर कुठलंतरी काम थांबवून. जाहीरनामा वाचताना मी आता हेच शोधतो आणि बहुतेक वेळा सापडत नाही.

प्रश्न : मग कायदा नाही का? निवडणूक आयोग काय करतो? (वाचक, बेळगाव)

उत्तर : आहे म्हटलं तर आहे. सुप्रीम कोर्टानं जुलै 2013 ला तामिळनाडूच्या केसमध्ये सांगितलं की फुकट वाटपाचं आश्वासन म्हणजे कायद्यातला भ्रष्टाचार होत नाही, पण आयोगानं जाहीरनाम्यासाठी नियम करावेत. त्यानुसार आचारसंहितेत आलं की आश्वासनामागचं कारण आणि पैसा साधारण कुठून येणार ते लिहावं. "साधारण" हा शब्द धरूनच सगळे सुटतात, आणि नाही लिहिलं तर दंड नाही. ऑक्टोबर 2022 ला आयोगानं खर्चाचा नमुना भरून द्या असा प्रस्ताव ठेवला तर काँग्रेससकट बऱ्याच पार्ट्यांनी हे तुमचं काम नाही म्हणून सांगितलं. माझं मत विचाराल तर तो नमुना सक्तीचा व्हायला पाहिजे, चुकीचे आकडे भरले तरी चालतील, निदान पाच वर्षांनी तोच कागद दाखवता येईल.

प्रश्न : महाराष्ट्रापेक्षा आपलं डिझेल स्वस्तच की, मग बोंब कशाला? (वाचक, निपाणी)

उत्तर : 2024 ला सरकारपण हेच म्हणत होतं, आणि तेव्हा खोटं नव्हतं, कोल्हापूरकडचे ट्रकवाले कोगनोळीला येऊन टाकी फुल करायचे ते उगीच नाही. पण 2025 च्या वाढीनंतर तो फरक बराच घटलाय. आणि ट्रकवाला भाव बघून टाकी भरतो, त्यामुळं अजून वाढवलं तर बॉर्डरवरच्या पंपांचा धंदा पलीकडं जाईल. टॅक्स किती ताणायचा याला खरा लगाम तोच.