टीबी नाही म्हणतात, पण खोकला जात नाही… मग बोलायचं कुणाशी?

सांगली-मिरज पट्ट्यात समुपदेशन करताना एक तक्रार वारंवार कानावर येते. "मॅडम, रिपोर्टमध्ये टीबी नाही, पण औषधं टीबीसारखीच चालू आहेत आणि संपता संपत नाहीत, लोकांना सांगू तरी काय?" मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, छातीचे चांगले डॉक्टर आहेत, सीटी स्कॅन होतो, तपासण्या होतात. पण हे दुखणं घेऊन दीड-दोन वर्षं घरात कसं राहायचं हे सांगायला ओपीडीत वेळ नसतो, आणि डॉक्टरांना दोष देण्यात अर्थ नाही, बाहेर साठ पेशंट बसलेले असतात.

एका ताईंची गोष्ट सांगते. नाव राहू दे, ओळखीच्या खुणाही बदलल्यात. ताई गावभागातल्या, पन्नाशी ओलांडलेली, घरी ब्लाउज शिवायचं काम. हात असा की लग्नसराईत बायका आधीपासून कापड आणून टाकायच्या. तरुणपणी टीबी झालेला, कोर्स पूर्ण केलेला, विषय मिटलेला. मग अलीकडं खोकला, सकाळी उठल्या उठल्या बेडके, वजन उतरलेलं. थुंकीत जंतू दिसले आणि घरात परत तोच जुना शब्द आला. पुढं सीबीनॅट, म्हणजे टीबीचाच जंतू ओळखणारी तपासणी, निगेटिव्ह आली, कल्चरला, म्हणजे थुंकीतले जंतू लॅबमध्ये वाढवून बघायला, काही आठवडे गेले आणि मग कळलं की हे टीबीच्याच कुळातले पण दुसरे जंतू आहेत, डॉक्टर लोक एनटीएम (नॉन-ट्युबरक्युलस मायकोबॅक्टेरिया) म्हणतात. रंग देऊन मायक्रोस्कोपखाली बघितले की दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून हा सगळा घोळ होतो.

पहिल्याच भेटीत मी चहा सांगितला तर ताईंनी पिशवीतून स्वतःचा स्टीलचा पेला काढून टेबलावर ठेवला.

"हे कशाला?"

"असू दे मॅडम. घरी पण माझं ताट-पेला वेगळंच असतं."

"डॉक्टरांनी सांगितलंय वेगळं ठेवायला?"

"नाही. ते तर म्हणतात, हे माणसाकडनं माणसाला सहसा लागत नाही. पण सुनेचं बाळ लहान आहे. तिनं तोंड उघडायच्या आत आपणच बाजूला झालेलं बरं."

बघा, सुनेनं काहीच म्हटलेलं नव्हतं. मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या विवेकनिष्ठ विचाराची आहे, लपवत नाही. माणसाला प्रसंग जेवढा छळत नाही तेवढं त्या प्रसंगाबद्दल तो स्वतःशी जे बोलत राहतो ते छळतं, हे मी रोज बघते. ताईंच्या मनात पक्कं बसलेलं वाक्य होतं, पूर्ण बरी झाले तरच माणसांत जाईन. आणि या आजारात 'पूर्ण बरी' हीच गोष्ट अवघड आहे. जुन्या टीबीनं त्यांच्या श्वासनलिका जागोजागी रुंद झाल्यात, ब्रॉन्किएक्टॅसिस म्हणतात त्याला, तिथं कफ साचतो आणि हे जंतू मुक्काम करतात. औषधं तीन-तीन एकावेळी, तीही थुंकी निगेटिव्ह आल्यावर पुढं साधारण 12 महिने. जंतू गेले तरी रुंद झालेल्या नळ्या पूर्ववत होत नाहीत, कफ रोज काढावाच लागतो आणि परत लागण होऊ शकते. म्हणजे ताईंचं वाक्य खरं धरलं तर त्यांनी कायमच दार लावून बसायचं.

दुसरा भुंगा पुराचा. "2019 ला घरात पाणी आलं तेव्हा गाळ मी स्वतः उपसला. सगळे नको म्हणत होते. त्यातनंच आलं ना हे?" हे जंतू माती-पाण्यात सगळीकडं असतात, नळाच्या पाण्यातसुद्धा, त्यामुळं अमुक दिवशी अमुक गाळातनं आले असं कुणी ठरवू शकत नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, मीही सांगितलं. ताई मान हलवायच्या आणि पुढच्या वेळी परत तेच विचारायच्या.

मग त्यांच्या डॉक्टरांशी बोलले आणि दोघांनाही आधी विचारून तासगावकडच्या एका काकांचा नंबर दिला. काका एसटीतनं कंडक्टर म्हणून रिटायर झालेले, हाच आजार, ताईंच्या बरेच पुढं गेलेले. टीबीच्या पेशंटला निदान सरकारी केंद्र असतं, औषधं फुकट असतात, बरे झालेले 'टीबी चॅम्पियन' असतात. या लोकांसाठी तसं तयार काही नसतं, ते जुळवून आणावं लागतं.

"काय बोललात मग?" मी नंतर विचारलं.

"त्यांनी पहिलं हेच विचारलं की, गोळ्यांनी लघवी केशरी झाल्यावर तुम्ही पण घाबरला होता का? मॅडम, मी तर कुणाला सांगितलंच नव्हतं! दोघं एवढं हसलो की दोघांनाही खोकला लागला."

काकांनी धीर वगैरे काही दिला नाही, आणि मला वाटतं म्हणूनच ते लागू पडले. त्यांनी फिजिओकडनं शिकलेली पद्धत पक्की करून घेतली, की कफ काढताना घसा खरवडून खोकायचं नाही, आरशावर वाफ सोडतो तसं तोंड उघडून 'हाऽऽ' करायचं, मग कफ वर येतो आणि माणूस दमत नाही. एका गोळीनं नजरेवर परिणाम होऊ शकतो म्हणून डोळ्यांची तपासणी चुकवायची नाही. ऊसतोडीच्या हंगामात पाचट पेटवलं की खिडक्या बंद. आणि सकाळचा अर्धा तास कफासाठी राखून ठेवायचा, मग दिवसभर लोकांत बसलं तरी खोकल्याची धास्ती राहत नाही.

पण खरी कलाटणी इथं मिळाली नाही, पुढं मिळाली. वाळवा तालुक्यातली एक तरुण अंगणवाडीताई, नुकतंच निदान झालेलं, माझ्याकडं नुसती रडत होती. तिचा नंबर मी काकांना न देता ताईंना दिला. ताई म्हणाल्या, "मी काय सांगणार? मीच अजून धड नाही." म्हटलं, धड झालेल्या माणसाचा तिला उपयोगच नाहीये.

पुढच्या भेटीला ताई आल्या त्याच मुळी बोलत आल्या. त्या पोरीला काय काय विचारलं, तिची सासू काय म्हणते, ती कफ गिळून टाकते म्हणून कसं रागावल्या. मधेच उठल्या, खुर्ची मागं सारली, माझ्या समोर ताठ उभ्या राहून 'हाऽऽ' करून दाखवलं, "असं पोटातनं आलं पाहिजे, ती नुसतं गळ्यातनं करते." मी बघतच राहिले. मग म्हणाल्या, "ती विचारत होती शेतातल्या मातीमुळं झालं का. मी म्हटलं अगं, शेतात सगळं गाव राबतं, सगळ्यांना झालंय का? तुझी चूक काय त्यात?" आणि गप्प झाल्या. मीही गप्प राहिले. थोड्या वेळानं म्हणाल्या, "हेच तुम्ही मला सांगत होता ना पुराचं."

चहा आला तो त्यांनी माझ्याकडच्या कपातनं घेतला. मी काही बोलले नाही, असल्या गोष्टी बोलून दाखवल्या की बिघडतात.

1965 मध्ये फ्रँक रिसमन या अमेरिकन अभ्यासकानं मांडलं होतं की मदत करणाऱ्यालाच मदतीचा फायदा होतो, कधीकधी घेणाऱ्यापेक्षा जास्त. माझा अनुभव तोच सांगतो. जी गोष्ट आपण ऐकून पटवून घेत नाही ती दुसऱ्याला सांगताना आपोआप पटते. म्हणून पेशंट जरा सावरला की मी त्याला 'तुला कोण आधार देईल' हे विचारत बसत नाही, 'तुझ्या मागून कोण येतंय' हे विचारते.

आता हे लोक सहा-सात आहेत, व्हॉट्सअ‍ॅपवर. भेटायचं झालं तर आमराईत मोकळ्या हवेत, लांब बसून, ज्याला ताप किंवा जास्त खोकला असेल त्यानं यायचं नाही, कारण छाती आधीच कमजोर असलेल्यांनी एकमेकांची सर्दी-खोकलासुद्धा घेऊ नये. औषधाचा डोस कुणी कुणाला सांगायचा नाही, गोळी बंद करायचा सल्ला तर अजिबात नाही. घरगुती उपायांचे फॉरवर्डही बंद. सांगलीत राहून हळदीच्या दुधाचा मेसेज थांबवणं किती अवघड आहे ते मलाच माहीत!

सगळं छान झालं असं नाही. ताईंची थुंकी मधे एकदा परत पॉझिटिव्ह आली, आठवडाभर त्यांनी फोन घेतला नाही. पाचव्या दिवशी काका मुलाला घेऊन घरी जाऊन आले. ताईंचं शिलाई मशीन परत चालू झालं, पण लग्नसराईची कामं आता निम्मीच घेतात.

तुमच्या घरात असं कुणी असेल तर आपल्या छातीच्या डॉक्टरांना सरळ विचारा, की यातनं गेलेला कुणी बोलायला तयार आहे का, आणि असेल तर त्या माणसाला विचारूनच नंबर घ्या. तो माणूस 'माझं बघा, मी तर औषध सोडलं' म्हणायला लागला तर फोन ठेवा. आणि थुंकीत रक्त आलं, दम वाढला किंवा परत ताप येऊन वजन उतरायला लागलं तर ग्रुपवर टाकून उत्तराची वाट बघू नका, आधी दवाखाना गाठा, ग्रुपला नंतर कळवता येतं.