फुलरीनयुक्त पॉलिमरवर काम सुरू करताना

पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत तुम्ही हा विषय हाती घेत आहात याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र द्रावक घाईने निवडू नका. सी-६०, म्हणजे साठ कार्बन अणूंचा चेंडूसारखा फुलरीन रेणू, टोल्युइन या सेंद्रिय द्रावकात दर मिलिलिटरला सुमारे ३ मिलिग्रॅम विरघळते, पाण्यात जवळजवळ नाहीच. म्हणून पॉलिइथिलीन ऑक्साइड या पाण्यात विरघळणाऱ्या पॉलिमरच्या लांब, साखळीसारख्या रेणूच्या टोकाला ते जोडले की पाण्यात फुलरीन आत आणि साखळ्या बाहेर, असे समूह आपोआप बनतात. पाणी मिसळण्याच्या वेगानुसारही त्यांचा आकार बदलू शकतो, तेव्हा तो वेग वहीत न चुकता नोंदवा. प्रकाश-विकिरणाने, म्हणजे समूहांवरून विखुरलेल्या प्रकाशावरून, आकार मोजताना मोठे समूह गाळणीतच अडकतात, यासाठी गाळण्याआधीचे द्रावणही तपासा; माझ्या मते ही सर्वांत दुर्लक्षित पायरी आहे. नमुने अंधारात ठेवा, कारण उजेडात फुलरीन हवेतील ऑक्सिजनला अतिक्रियाशील करते आणि त्यामुळे साखळीचेच विघटन होऊ शकते.