जनावरांचा वास सोडा, शेवटच्या नळाचं पाणी तपासा

पूर ओसरला, गावात मेलेल्या जनावरांचा वास सुटलाय, साथ येईल का आणि लस घ्यावी का, असं विचारलंय. मी सांगली जिल्ह्यात पलूस भागात आरोग्यसेवक होतो, 2005 आणि 2019 चे पूर नोकरीतच पाहिले. वासानं माणूस हबकतो, पण साथ सहसा त्यातून येत नाही. जनावरं विहिरी-ओढ्यापासून लांब, खोल पुरा आणि तो विषय संपवा. जुलाब-काविळीची साथ येते नळातून.

2019 ला सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली, धोका पातळी 45. तेव्हा सगळे फूट मोजत होते. आजार मात्र पाणी उतरल्यावर रांगेनं येतात. जुलाब-उलट्या लगेच, लेप्टो (उंदराच्या मुतानं दूषित पाणी-चिखलातून होणारा ताप) बहुधा 5 ते 14 दिवसांत, डेंगी त्याच्या मागून. कावीळ सगळ्यात उशिरा, 2 ते 10 आठवड्यांनी, तोवर शिबिरं उठून गेलेली असतात.

'टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलंय' यावर गप्प बसू नका. व्हॉल्व्हचे खड्डे उघडून बघा, पुराच्या गाळानं काठोकाठ भरलेले असतात. नळ तासभर सुटतो. बंद झाला की लाईन रिकामी होते आणि लीकेजमधून तोच राडा आत ओढला जातो. म्हणून ओटी टेस्ट (पाण्यातलं क्लोरीन बघायची चाचणी) टाकीपाशी नको, लाईनच्या शेवटच्या घरात करा. पिवळा रंग आला तर क्लोरीन पोचलं. नाही आला तर पाणी उकळूनच प्या. टीसीएलचं पोतंही बघा. भिजून गोळे झालेली, उग्र वास गेलेली पावडर टाकली काय अन् न टाकली काय, सारखंच. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळावरच खर्ची पडतं, तेव्हा आधी तुरटी फिरवून निवळू द्या, मग मेडिक्लोर (क्लोरीनचं औषध) घालून अर्धा तास थांबा.

लसीचं म्हणाल तर, पत्रा-खिळा लागला असेल त्यानं धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं. चिखलात राबणाऱ्यांना लेप्टो होऊ नये म्हणून डॉक्सीच्या (डॉक्सीसायक्लिन) गोळ्या देतात, पण त्या डॉक्टरांना विचारूनच. गरोदर बायका आणि लहान पोरांना चालत नाहीत. ताप, पिंढऱ्या ठणकणं, डोळे लाल असं काही झालं तर 'पुराच्या चिखलात होतो' हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

धुरळणीची गाडी फिरली की लोक खूश होतात (पुढाऱ्यांचे फोटोही होतात), पण धुरानं अळ्या मरत नाहीत. बॅरल, हौद आठवड्यातून एकदा रिकामे करून घासा. आणि घरात बीपी, शुगर, टीबीच्या गोळ्या वाहून गेल्या असतील तर आशाताईंना आजच सांगा. टीबीचा खंड फार महागात पडतो.

पुढे गावात कावीळ निघालीच, तर आधी गरोदर बायकांची चौकशी करा. ई प्रकारची कावीळ त्यांच्या जिवावर बेतते, शेवटच्या तीन महिन्यांत तर फारच. डोळे पिवळे, लघवी गर्द पिवळी दिसली की नाकात औषध सोडणाऱ्याकडे दिवस घालवू नका, सरळ सिव्हिलला न्या.